पँटोनचं शेडकार्ड: धंद्याचा रंग ठरवायला किती कामाचं?

नव्या धंद्याचा लोगो हातात आला की पाठोपाठ पँटोनचा नंबर येतो, म्हणजे पँटोन कंपनीच्या शेडकार्डातला त्या रंगाचा ठरलेला नंबर. डिझायनर म्हणतो, ‘तुमचा लाल १८५ सी’. छापखान्यात विचारतात, ‘सी की यू?’ फ्लेक्सवाल्याला नंबर नकोच असतो, त्याला फाइल हवी असते. मग मालकाला वाटतं, ते शेडकार्ड एकदा विकत घेऊन टाकावं म्हणजे घोळ मिटेल. त्या शेडकार्डाचंच हे परीक्षण. म्हणजे पँटोन फॉर्म्युला गाइड, कोटेड (लेप असलेल्या) आणि अनकोटेड (बिनलेपाच्या) कागदासाठी पंख्यासारख्या उलगडणाऱ्या पट्ट्यांच्या दोन गठ्ठ्यांचा, दोन ‘पंख्यांचा’ संच. मत आधीच सांगतो. वस्तू पक्की आहे, आपल्या कामात तिला तोड नाही. पण पुण्यातल्या बहुतेक लहान व्यावसायिकांनी ही न घेता याच कंपनीचं कलर ब्रिज, म्हणजे साध्या चार शाईंच्या छपाईत तोच रंग कसा येईल हे दाखवणारं शेडकार्ड घ्यावं, आणि दोन्हींतलं काहीही उघडण्याआधी पाटीवाल्याकडची व्हिनाइलच्या (पाटीवर चिकटवायच्या रंगीत फिल्मच्या) नमुन्यांची फाइल उघडावी.

आधी संचात काय मिळतं ते. लांबट पट्ट्यांचे दोन पंखे, प्रत्येक पट्टीवर सात रंग, खाली नंबर आणि तो रंग बनवायला कोणती मूळ शाई किती टक्के घ्यायची याचं सूत्र. लॉरेन्स हर्बर्ट यांनी ही पद्धत १९६३ मध्ये आणली ती शाई बनवणारा, छापणारा आणि ग्राहक हे तिघं एकाच रंगाबद्दल बोलावेत म्हणून, आणि हे काम ती आजही चोख करते. २०२३ च्या आवृत्तीत २,३९० रंग आहेत, त्यांतले २२४ नव्याने घातलेले. नंबरापुढचा ‘सी’ म्हणजे कोटेड, आर्ट पेपरसारखा चकचकीत लेप असलेला कागद. ‘यू’ म्हणजे अनकोटेड, आपला साधा, बिनलेपाचा मॅपलिथो कागद. शाई तीच, सूत्र बहुतेक वेळा तेच, पण दिसणं वेगळं. मॅपलिथो शाई आत ओढून घेतो, त्यामुळे रंग मऊ आणि थोडा मळका पडतो. ०२१ नंबरचा ऑरेंज दोन्ही पंख्यांत शेजारी धरून पाहिला तर हे एका नजरेत कळतं. कोटेडवर तो पेटल्यासारखा दिसतो, अनकोटेडवर निवतो. व्हिजिटिंग कार्ड आर्ट कार्डावर आणि लेटरहेड मॅपलिथोवर काढणाऱ्या प्रत्येकाला हा फरक भेटतोच. तो छापखान्याचा दोष नसतो. दोन्ही पंखे संचात असण्याचं महत्त्व इथे आहे. लेटरहेडसाठी यू पंख्यातला शेजारचा, थोडा गडद नंबर निवडून दोन्ही कागद डोळ्यांना जवळ आणता येतात. नंबर सारखा ठेवण्याचा हट्ट सोडायचा आणि दिसणं सारखं ठेवायचं.

आता अडचण. हे शेडकार्ड ‘स्पेशल कलर’चं आहे. म्हणजे डब्यात कालवून तयार केलेली एकच शाई, तिची स्वतंत्र प्लेट, मशीनचं ते युनिट धुऊन त्यात भरलेली. नारायण पेठ, शनिवार पेठेतल्या ऑफसेटवाल्यांकडे हे होतं आणि चांगलं होतं, पण पाचशे कार्डांसाठी कोणी युनिट धूत नाही आणि धुतलं तर परवडत नाही. लहान धंद्याचं बहुतेक काम चार कलरमध्ये निघतं. कार्डं दहा जणांच्या कामाबरोबर एका शीटवर लागतात, मेनू डिजिटल मशीनवर निघतो, स्टिकरही तसेच. तिथे स्पेशल कलरचा नंबर दिला तर यंत्र त्याचं सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा यांत रूपांतर करतं, आणि पंख्यात पाहिलेला रंग हाती येत नाही. सगळ्यांत जास्त मार खातात ते नारिंगी, झगझगीत हिरवे, जांभळे आणि भडक निळे, कारण चार शाईंच्या मिश्रणाचा आवाकाच तिथवर पोचत नाही. ०२१ ऑरेंज चार कलरमध्ये साधारण ६५ टक्के मॅजेंटा आणि १०० टक्के पिवळा असा बसतो, आणि त्यातून येतो तो संत्र्याच्या सालीकडे झुकलेला, धार गेलेला नारिंगी. फॉर्म्युला गाइडमध्ये हे दिसत नाही. कलर ब्रिजमध्ये दिसतं. एका बाजूला स्पेशल कलर, शेजारी त्याचं चार कलरमधलं रूप, खाली चारही शाईंचे टक्के आणि स्क्रीनसाठीचे आकडे. ज्या नंबरचे हे दोन चौकोन एकमेकांसारखे दिसतात, तोच लहान धंद्याने निवडावा. एवढा एक नियम पाळला तरी पुढच्या अनेक वर्षांची भांडणं वाचतात. ब्रिजची शिफारस करण्याचं खरं कारण हे.

निळ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण क्लास, दवाखाने, बांधकाम व्यावसायिक, सीए सगळे निळ्याकडेच जातात. चार कलरमध्ये निळा म्हणजे सायन आणि मॅजेंटा. दोन्ही जवळजवळ सारखे घेतले की निळा जांभळा होतो. स्क्रीनवर तो रॉयल ब्लू दिसत राहतो, कागदावर वांगी कलर येतो. सायन आणि मॅजेंटात किमान ३० टक्क्यांचं अंतर ठेवायचं. १००-७० चालतो, १००-९० नाही. मॅजेंटा मशीनवर पाच टक्के जरी जास्त पडला तरी निळा निळाच राहील, एवढी जागा त्यात असायला हवी. स्पेशल कलरमध्ये जायचं तर रिफ्लेक्स ब्लूपासून सावध राहायचं. शेडकार्डात तो देखणा आहे, पण त्याची शाई वाळायला फार वेळ घेते, वाळल्यावरही हाताला लागते, शेजारच्या शीटच्या पाठीवर उमटते, आणि वर वार्निश मारला तर कधी कधी लालसर झाक येते. घाईचं काम घेणारा मशीनमन याचं नाव ऐकूनच कपाळाला आठ्या घालतो. त्याच्या आसपासचे, दुसऱ्या मूळ शाईतून बनणारे निळे पंख्यात शोधले तर सापडतात.

सूत्राच्या टक्क्यांचा उपयोग कधी? कापडी पिशव्यांचं स्क्रीन प्रिंटिंग, कॅरीबॅग, पुड्यांची वेष्टनं, काही हजारांत निघणारी बिलबुकं, इथे. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आल्यापासून एक-दोन रंगांच्या कागदी आणि कापडी पिशव्यांचं काम वाढलंय आणि त्यात स्पेशल कलर हाच योग्य मार्ग आहे. फक्त शाई कालवताना दोन गोष्टी बिघडतात. एक, अंदाजाने मिसळणं. एक किलो शाईत ३ टक्के काळा म्हणजे ३० ग्रॅम. तो उलथण्याच्या टोकाने घातला तर ५० ग्रॅमही होतो आणि अख्खा डबा काळवंडतो. ग्रॅम दाखवणारा काटा हवा, आणि काळा, गडद निळा शेवटी, थोडा थोडा. दोन, पांढरा. पँटोनच्या सूत्रात ‘ट्रान्स. व्हाइट’ लिहिलेलं असतं, म्हणजे पारदर्शक पांढरा. छापखान्यात हाताशी असतो तो झाकणारा पांढरा. तो घातला की अबोली, मोतिया, पिस्ता असे सगळे फिके रंग खडू फासल्यासारखे दिसतात. ऑर्डर देतानाच ‘ट्रान्स्परंट व्हाइट आहे का’ हे विचारावं. आणि कालवलेल्या शाईची पट्टी आपल्याच कागदावर ओढून, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर शेडकार्डाशी जुळवावी. ओली शाई नेहमी जास्त तजेलदार दिसते.

शेडकार्ड कितीही चांगलं असलं तरी रंग ठरवण्याची सुरुवात त्याच्यापासून करू नये असं आम्ही का म्हणतो, त्याचं कारण पाटी आहे. शाई हवी तशी कालवता येते. व्हिनाइल कालवता येत नाही. पाटीवर चिकटवायच्या रंगीत व्हिनाइलच्या एका मालिकेत मोजके रंग असतात. ओराकल ६५१ सारख्या अपारदर्शक मालिकेत साठच्या आसपास, आतून दिवा लागणाऱ्या पाटीसाठी थ्रीएमच्या ३६३० सारख्या पारभासी मालिकेत आणखी वेगळे. ॲक्रिलिक शीटचे रंग त्याहूनही कमी. गणवेशावरच्या भरतकामाचा दोरा कंपनीच्या शेडकार्डातूनच निवडावा लागतो. फॉइलचे रोलही ठरलेले. म्हणून क्रम उलटा लावायचा. ज्या माध्यमात निवड सगळ्यांत कमी, तिथून सुरू करायचं. आधी ॲक्रिलिक किंवा व्हिनाइल, मग दोरा आणि कापड, मग भिंतीचा ऑइलपेंट, आणि सगळ्यांत शेवटी छपाई, कारण तीच सगळ्यांत लवचिक. पाटीवाल्याकडे बसून तीन-चार व्हिनाइल नक्की करायची, त्यांचे तळहाताएवढे तुकडे घ्यायचे, आणि ते तुकडे पँटोनच्या पंख्यावर ठेवून जवळचा नंबर शोधायचा. आधी २,३९० रंगांतून मनपसंत छटा काढून मग तिला व्हिनाइल शोधत फिरणाऱ्याची पाटी एका रंगाची आणि कार्ड दुसऱ्या रंगाचं होतं.

भिंत, शटर आणि लोखंडी फ्रेम यांना पँटोन लागू पडत नाही. इमल्शनला पेंट कंपनीचा शेड कोड, पावडर कोटिंगला ‘राल’ (आरएएल) या रंगपद्धतीचा नंबर. ही जर्मन पद्धत १९२७ पासून चालत आलीय, चार आकडी नंबर आणि दोनशेहून थोडे जास्त रंग. शटर रंगवणाऱ्या पेंटरला भारतीय मानक ‘आयएस ५’ चे नंबर जास्त ओळखीचे असतात. सिग्नल रेड ५३७ म्हटलं की त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. पेंटच्या दुकानातली मशीन पँटोनचा नंबर घेऊन ‘जवळचा’ रंग काढून देते. तो जवळचा आहे की नाही ते एक फूट पत्र्यावर दोन हात मारून, वाळल्यावर बघायचं. डब्याच्या झाकणावरच्या ठिपक्यावर विसंबायचं नाही.

पाटीचा रंग दुकानातल्या दिव्यात ठरवला तर तो रस्त्यावर फसतो. फर्ग्युसन रस्त्यावर झाडांची सावली दाट असते. तिथे गडद हिरवी किंवा तपकिरी पाटी दिवसभर झाडीत विरून जाते, पिवळसर आणि पांढरा पुढे येतो. बाणेर-वाकडच्या काचेच्या इमारतींत पश्चिमेला तोंड असेल तर प्रश्न उलटा, तिथे उन्हाने रंग उडतो. फ्लेक्सवर छापलेल्या लालातला मॅजेंटा आणि पिवळा आधी जातो, सायन-काळा टिकतो, म्हणून जुने लाल फ्लेक्स गुलाबी-राखाडी होतात. ब्रँडचा रंग लाल किंवा शेंदरी असेल आणि पाटीवर ऊन येत असेल तर छापील फ्लेक्स टाळून रंगीत व्हिनाइल कापून लावावं. त्याचा रंग फिल्ममध्येच असतो, वरून छापलेला नसतो, त्यामुळे तो पुष्कळ जास्त टिकतो. रात्रीचं गणित आणखी वेगळं. आतून दिवा असलेल्या पाटीत मरून, गडद जांभळा, नेव्ही ब्लू या रंगांतून प्रकाश जेमतेम बाहेर येतो आणि अक्षरं काळी दिसतात. तपकीर गल्लीतून सरसकट आणल्या जाणाऱ्या थंड पांढऱ्या, ६५०० केल्व्हिनच्या एलईडीने (केल्व्हिनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळसर) हळदी पिवळा हिरवट होतो. पिवळ्या-शेंदरी पाटीला ३००० ते ४००० केल्व्हिनचे मॉड्यूल मागावेत, आणि पक्की ऑर्डर देण्याआधी व्हिनाइलचा तुकडा ओपल (दुधी) ॲक्रिलिकवर लावून मागून तोच एलईडी लावून बघावा. पाटीवाला दोन मिनिटांत दाखवतो, मागावं मात्र लागतं.

पाटीवर मराठी अक्षरं असतातच. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात सगळ्या दुकानांना देवनागरीतलं नाव इतर लिपीपेक्षा लहान ठेवता येत नाही. म्हणून रंगाची परीक्षा इंग्रजी लोगोवर न करता देवनागरीवर करायची. रफार, अनुस्वार, उकार आणि जोडाक्षरांतली बारीक पोकळी हे सगळं रंगांतल्या अंतरावर जगतं. हे अंतर, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, मोजता येतं. वेबसाइटच्या सुलभतेचे नियम साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ इतकं गुणोत्तर मागतात, ते मोजणारी फुकट साधनं नेटवर आहेत. भगवा घ्या, आरजीबी (स्क्रीनवरचे लाल-हिरवा-निळा यांचे आकडे) २५५-१५३-५१. त्यावर पांढरी अक्षरं ठेवली तर गुणोत्तर जेमतेम २.१ येतं, म्हणजे दोन्ही परीक्षांत नापास. तरीही ही जोडी पुण्यात जागोजागी दिसते. त्याच भगव्यावर गडद मरून, ७४-२०-२०, ठेवला की ७ येतं आणि ‘श्री’मधली पोकळी रस्त्यापलीकडून वाचता येते. ०२१ ऑरेंजवर पांढरं ३.३ देतं, काळं ६.४. म्हणजे पाटीवर मोठ्या अक्षरांत पांढरं चालून जाईल, मेनूतल्या भावाच्या आकड्यांना नाही. लाल-हिरव्यात फरक न कळणारे लोक, त्यांत पुरुष पुष्कळ, मरून पार्श्वभूमीवरचा गडद हिरवा वाचूच शकत नाहीत. लोगो एकदा काळा-पांढरा करून बघितला की हे लगेच उघडं पडतं. दोन्ही रंग एकाच राखाडीचे झाले तर जोडी बदलायची.

कागदावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. गडद पार्श्वभूमीतून पांढरी अक्षरं काढताना पार्श्वभूमी तीन-चार शाईंची असेल तर एखादी प्लेट केसभर सरकली की शिरोरेषेच्या कडेला गुलाबी किंवा निळी रेघ दिसते आणि वेलांटीचं टोक भरून जातं. चॉकलेटी, मातकट, राखाडी हे रंग इथे सगळ्यांत त्रासाचे, कारण ते तीन शाईंतून जुळवलेले असतात आणि एखादी शाई कमी-जास्त झाली की कधी हिरवट, कधी लालसर होतात. राखाडी हवा तर तो एकट्या काळ्या शाईच्या टक्क्यांत घ्यावा. तपकिरी धंद्याचा मुख्य रंग असेल, कॉफी, गूळ, चामडं, लाकूडकाम यांत तो असतोच, तर मात्र स्पेशल कलरचा खर्च करावाच. फॉर्म्युला गाइड विकत घेणं वसूल होणाऱ्या थोड्या धंद्यांत हे येतात.

सोनेरीचं थोडक्यात. सराफ, पैठणीवाले, मंगल कार्यालयं यांना तो हवाच असतो. चार कलरमध्ये तो मोहरीच्या रंगाचा येतो, स्क्रीनवर येतच नाही, आणि या संचावर विसंबून तो निवडू नये. पँटोनचं मेटॅलिकचं शेडकार्ड वेगळं मिळतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिकांवर हॉट फॉइल करणारे कारागीर भरपूर आहेत, तिथे फॉइलचे तुकडे बघून ठरवणं स्वस्तही पडतं आणि दिसतंही चांगलं. फक्त फॉइलशिवायचा, सपाट रंगातला लोगो आधी पक्का असू द्यावा.

खाण्याच्या मालाला एक अट जास्त. वेष्टनावर शाकाहाराची खूण, हिरव्या चौकटीत हिरवा गोल, आणि मांसाहाराला तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण, समोरच्या बाजूला आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर लागते. पाकीटच हिरवं किंवा तपकिरी असेल तर खुणेसाठी पांढरी खिडकी सोडावी लागते, आणि ती आधीपासून रचनेत नसेल तर शेवटी कुठेतरी चिकटवल्यासारखी दिसते. क्राफ्ट कागदाच्या तपकिरी पिशवीवर सी आणि यू दोन्ही पंखे निरुपयोगी, दोन्ही पांढऱ्या कागदावर छापलेत. पारदर्शक शाईखालून क्राफ्टचा तपकिरी वर येतो. पिवळा मळतो, आकाशी हिरवट-करडा होतो, लाल विटकरी होतो. एक तर खाली पांढऱ्याचा थर द्यायचा, म्हणजे एक छपाई वाढली, किंवा क्राफ्टसाठी ब्रँडचा गडद रंग एकटाच वापरायचा. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो. मिठाईच्या खोक्याला गडद रंग भरून घेताना क्रीझिंगच्या (घडी पाडायच्या) रेषेवर लेप तडकून पांढरी रेघ पडते. आधी लॅमिनेशन, मग पंचिंग (खोक्याचा आकार कापणं), असा क्रम ठेवला की ती कमी होते. मॅट लॅमिनेशनने रंग एक पायरी फिका आणि धुरकट होतो, ग्लॉसने खोल होतो, आणि गडद मॅटवर नखाचे ओरखडे उठतात. शेडकार्डातल्या पट्ट्यांवर लॅमिनेशन नसतं हे लक्षात ठेवून निवडायचं.

पंख्यातला रंग पाहायचा कसा, यासाठी कंपनीने संचातच सोय दिलीय. प्रकाश तपासायचं एक पान असतं, त्यावरचे दोन ठिपके छपाईच्या ठरलेल्या, ५००० केल्व्हिनच्या प्रकाशात एकसारखे दिसतात आणि चुकीच्या दिव्यात वेगळे. ट्यूबलाइटखाली ते वेगळे दिसले की मुकाट्याने उठून गॅलरीत जायचं. सकाळी दहा-अकराच्या सुमाराची सावली उत्तम, थेट ऊन नको. जुलैतल्या अंधारलेल्या दुपारी रंग नक्की करू नये. एका दिव्यात जुळणारे दोन नमुने दुसऱ्यात फुटतात, म्हणून व्हिनाइल, कापड आणि छापील कागद तीन प्रकाशांत शेजारी धरायचे: बाहेरची सावली, दुकानातला पांढरा एलईडी, पिवळा दिवा. तिन्हींत थोडा फरक राहणारच. तो शेजारी शेजारी धरल्यावर दिसतो पण दहा फुटांवर जाणवत नाही, एवढा असेल तर पुढे जावं.

कोणतंही शेडकार्ड न घेता पुष्कळ काही साधणारा एक उपाय आहे, आणि फॉर्म्युला गाइड घेणाऱ्यानेही तो करावाच: आपल्या छापखान्यात, आपल्या कागदावर, आपली शेडपट्टी काढणं. निवडलेला रंग मध्ये ठेवायचा. आडव्या ओळीत मॅजेंटा ५-५ टक्क्यांनी दोन पायऱ्या वर, दोन खाली. उभ्या ओळीत काळा ०, ५, १०. असे पंधरा चौकोन, प्रत्येक तीन सेंटिमीटरचा, खाली आकडे, आणि प्रत्येक चौकोनात दुकानाचं नाव पांढऱ्यात आठ पॉइंटने. हीच फाइल ३०० जीएसएम आर्ट कार्डावर, १०० जीएसएम मॅपलिथोवर आणि पिशवीच्या क्राफ्टवर काढायची, कार्डाच्या अर्ध्या भागाला लॅमिनेशन. डिजिटलवर हे एक-दोन शीटचं काम. मग व्हिनाइलचा तुकडा त्यावर फिरवायचा. जो चौकोन जुळतो, त्याचे आकडे आपले. बहुतेक वेळा कार्डावर एक आणि मॅपलिथोवर दुसरा चौकोन जुळतो, दोन्ही लिहून ठेवायचे. छापखाना बदलला की ही पट्टी नव्याने काढायची, कारण तेच आकडे दुसऱ्या मशीनवर दुसरा रंग देतात.

सॉफ्टवेअरची बाजू या वस्तूची सगळ्यांत कमकुवत बाजू आहे आणि त्याबद्दल राग यायलाच हवा. २०२२ च्या शेवटी ॲडोबीच्या फोटोशॉप, इलस्ट्रेटरमधून पँटोनची बहुतेक पॅलेट काढली गेली. पूर्ण संग्रह हवा तर पँटोन कनेक्ट या कंपनीच्याच ऑनलाइन सेवेची वर्गणी भरा, असं झालं. जुन्या फोटोशॉप फाइल उघडल्यावर पँटोनचे भाग काळे दिसू लागले. इतकी किंमत मोजून छापील पंखा घेणाऱ्याला तेच नंबर स्क्रीनवर वापरायला पुन्हा पैसे का लागावेत? त्यातून वाट अशी: रंगाची ‘लॅब’ मूल्यं (Lab, रंग मोजायच्या पद्धतीचे तीन आकडे) हाताने स्वॉचमध्ये भरायची आणि त्याला स्पॉट कलर (म्हणजे स्पेशल कलरच) म्हणून पँटोनचंच नाव द्यायचं. प्लेट काढणाऱ्याला नाव पुरतं. पेठांतल्या डीटीपीवाल्यांकडे कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्त्या अजून चालतात आणि त्या एकाच नंबरचे चार कलर टक्के नव्या आवृत्तीहून वेगळे काढतात. म्हणून फाइल देताना नंबरावर न सोडता टक्के स्वतः भरून द्यावेत.

रंगाचा हक्क हाही प्रश्न येतोच. आपल्याकडे १९९९ च्या कायद्यात रंगसंगती व्यापारचिन्हाचा भाग होऊ शकते, आणि दंतमंजनाच्या लाल-पांढऱ्या डब्यावरून कोलगेट आणि अँकर यांच्यात दिल्ली उच्च न्यायालयात २००३ मध्ये निकालही झालाय. पण लहान धंद्याने लोगोची नोंदणी काळ्या-पांढऱ्यात करावी. रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं मानलं जातं, आणि पुढे छटा बदलली तरी नोंदणी कामाची राहते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये.

आता घेण्याबद्दल. किंमत पाच आकडी आहे, आणि कंपनी दर बारा ते अठरा महिन्यांनी संच बदलायला सांगते. हा सल्ला विक्री वाढवण्यापुरताच नाही. कागद पिवळा पडतो, पट्ट्या एकमेकींवर घासतात, बोटांचं तेल लागतं, आणि सगळ्यांत आधी फिके रंग बिघडतात. बंद कपाटात, पाकिटात ठेवून कमी वापरणाऱ्याला तो जास्त काळ पुरतो. काउंटरवर उघडा पडलेला एका उन्हाळ्यात जातो. जुना पंखा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नये, आणि ऑनलाइन हजार-दीड हजारात दिसणारा ‘नवा’ तर नकोच. त्या नकला चार कलरमध्ये छापलेल्या असतात. भिंग लावून ऑरेंजची पट्टी बघा. खऱ्या पंख्यात एकसंध शाई दिसते, नकलेत मॅजेंटा-पिवळ्याचे ठिपके. ब्रिजला मात्र ही कसोटी लावताना फक्त स्पेशल कलरची बाजू बघायची, कारण त्याच्या दुसऱ्या बाजूला ठिपके असायलाच हवेत.

डिझायनर, छापखाना, वेष्टन बनवणारा किंवा पाच-सहा शाखा असलेला धंदा असेल तर फॉर्म्युला गाइड आणि ब्रिज दोन्ही घ्यावेत. एका दुकानाच्या, एका मेसच्या किंवा क्लासच्या मालकाने फार तर ब्रिजचा एकटा कोटेड पंखा घ्यावा, तोही शेजारच्या दोन व्यावसायिकांबरोबर मिळून. तेवढंही नको असेल तर छापखान्यातला पंखा मागून, आवृत्तीचं वर्ष बघून, तिथेच वापरावा, आणि खर्च शेडपट्टीवर आणि व्हिनाइलच्या तुकड्यांवर करावा. शेवटी जे ठरेल ते एका कार्डावर लिहायचं: सी नंबर, यू नंबर, आर्ट कार्डाचे आणि मॅपलिथोचे टक्के, आरजीबी, व्हिनाइलची कंपनी आणि नंबर, पेंटचा कोड, दोऱ्याचा नंबर, एलईडीचे केल्व्हिन. प्रत्येकापुढे खरा तुकडा चिकटवायचा, खाली तारीख आणि सही. अशा तीन प्रती: एक छापखान्यात, एक पाटीवाल्याकडे, आणि तिसरी काळ्या पाकिटात घालून आपल्या खणात, उजेड न लागता, म्हणजे पुढची ऑर्डर जुळवताना पहिल्या दोन उडाल्या असतील तर ती काढता येते.